कोणाचं बोट?

संचालकसाहेब, तुम्ही लबाड आहात. याहून सभ्य शब्द मला कुणी शिकवला नाही.

तुमच्या नृत्यसंस्थेत मी दिव्यांचं काम बघतो. मुख्य नर्तकी माझी थोरली बहीण. नव्या नाटिकेतली देवी तीच करणार, हा शब्द तुमचाच. मग ते पंडितजी अचानक कुठून उगवले? म्हणे, "देवीचा देह शास्त्रात बसला पाहिजे."

मी शिडीवर होतो. पंडितजींनी ताईच्या टाचेपासून टाळूपर्यंत दोरी धरली, जमिनीवर पसरली आणि स्वतःचं बोट आडवं ठेवत मोजत गेले. बोट कसलं, केळंच ते!

"शंभरही भरत नाहीत. उत्तम देह एकशे आठ अंगुळांचा."

"माल आखूड निघाला," तुम्ही खिदळलात.

मग तुमची भाची आली. तिलाही तशीच दोरी लावली. "बाळ, तुझं बोट ठेव हं." तिची बोटं काडेपेटीतल्या काड्या. भरले एकशे आठ!

मी त्या शास्त्राचा ग्रंथ मिळवला, अडखळत वाचला. ज्याचा देह, त्याचंच बोट, असं स्वच्छ लिहिलंय. पंडितजींना हे ठाऊक नव्हतं? मग भाचीच्या वेळी कसं आठवलं?

ताईने तक्रार केली, तर तुम्ही तिला संस्थेच्या मानसतज्ज्ञाकडे धाडलंत. त्याने बिनचेहऱ्याच्या, कमीजास्त उंचीच्या बायकांची चित्रं मांडली. "यातल्या तुम्ही कोण?" ताईने एक दाखवलं.

"बघा, आहात त्याहून बुटक्या समजता स्वतःला. आदर्श शरीराचं खूळ डोक्यातून काढा."

"खूळ माझ्या डोक्यात? दोरी तर त्यांच्या हातात होती!"

"राग येणारच," तो गोड हसला.

म्हणजे एकाच्या मते ताईचं अंग चुकलं, दुसऱ्याच्या मते तिची नजर. बरोबर फक्त तुम्ही! नाचता येईना तर अंगण वाकडं म्हणतात. हिला नाचता येतं, म्हणून तुम्ही अंगच वाकडं ठरवलंत.

घरी मी ताईला तिच्याच बोटाने मोजलं. एकशे आठ भरले. तर ती बोटाकडे बघत म्हणाली, "माझं बोटच बारीक असेल रे." तेव्हापासून तिने घुंगरांना हात लावलेला नाही.

आता तालमीच्या हॉलमध्ये, सगळ्यांसमोर, मला एवढंच सांगा. ताईच्या दोरीवर परकं बोट ठेवा, असं पंडितजींना कुणी सांगितलं? मान हलवू नका. तोंडाने बोला.