सत्तावीस नंबरचा प्रश्न आणि मी

मी एक खोडरबर. लोकांनी आधी काय लिहिलं होतं ते फक्त मला ठाऊक असतं, आणि मला विचारायचं कुणाला सुचत नाही. म्हणून आज आपणहून तोंड उघडतोय.

कारखान्यात मोठ्या पांढऱ्या लादीतून मला कापलं आणि वीस भावंडांबरोबर डबीत भरलं. तिथून आम्ही विद्यापीठात आलो. तिथल्या भांडारपालांचा हात भारी आखडता. एका खोलीला एक खोडरबर, हा त्यांचा नियम. मी मानसशास्त्राच्या खोलीत गेलो.

तिथे एक ताई संशोधन करत होत्या. अकरा देशांतल्या नवराबायकोंना तेच प्रश्न विचारायचे. आधी स्वभावाचे, मग सहवासाचे. एक ते पाच आकड्यांपैकी एकाभोवती गोल करायचा; पाच म्हणजे पुरेपूर. जोडप्याने एकमेकांचं बघू नये म्हणून टेबलाच्या मधोमध पुठ्ठ्याचा पडदा होता. त्याच्याखालच्या फटीतून मी इकडून तिकडे जायचो. कागदावर नाव नाही, भरून झाला की कुलूपबंद पेटीत.

माणसांची गंमत काय सांगू! चाळीस मिनिटं उशिरा आलेला गृहस्थ ‘मी वेळ पाळतो’ या वाक्यापुढे पाचाला गोल करायचा. रागीट माणूस ‘मी शांत आहे’समोर इतक्या जोरात गोल काढायचा की पेन्सिलीचं टोक मोडायचं. पण सत्ताविसाव्या प्रश्नाशी सगळ्यांची गाडी अडायची. जोडीदाराबरोबरच्या शारीरिक जवळिकीत आपण किती सुखी आहात?

एका सकाळी घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ आणि शिवणवर्ग चालवणारी त्यांची बायको आली. लग्नाला एकतीस वर्षं झालेली. काकूंनी दारातच ताईंना सांगितलं, की आमच्यात या विषयावर आजवर एक अक्षर निघालेलं नाही; हे कधी बोलले नाहीत, मी कधी विचारलं नाही. ते सांगताना त्यांचा आवाज जरा बारीक झाला होता.

दोघं लिहायला बसले. सत्ताविसाव्या प्रश्नावर काकूंनी एका दमात पाचाला गोल केला, लाजल्या आणि उगाच पहिल्या पानावर गेल्या. तिथे सवयीने वय चोपन्न लिहिलेलं. शास्त्राला तरी खरं सांगावं म्हणून त्यांनी मला घेतलं आणि सत्तावन्न केलं.

पलीकडे त्यांच्या नवऱ्याने, म्हणजे माझ्या घड्याळजींनीही, पाचालाच गोल केला होता. खोडण्याचा आवाज आला आणि त्यांचा हात थबकला. ही काय खोडतेय? सत्तावीसच असणार. त्यांनी मला मागून घेतलं आणि पाचाचे चार केले. आता काकूंनी कान टवकारले. हे तर वय लपवत नाहीत, मग खोडलं काय? सत्तावीसच असणार. त्यांनीही पाचाचे चार केले. ते ऐकून घड्याळजींनी तीन केले. मग काकूंनीही तीन. फटीतून जा-ये करून मी अर्धा झिजलो. ताईंनी वेळ संपल्याचं सांगितलं म्हणून, नाहीतर संसार एकावर येऊन ठेपला असता.

काकू निघाल्या तेव्हा मी त्यांच्या मुठीतच राहिलो. दोघं जिना उतरले. शेवटच्या पायरीवर घड्याळजी थांबले.

“काय खोडत होतीस एवढं?”

“वय.”

“तीन वेळा?”

काकू म्हणाल्या, “तुम्ही काय खोडत होतात?”

घड्याळजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “सत्तावीस. आधी पाच लिहिलं होतं.”

“मग कमी का केलंत?”

“तुला कमी वाटतंय म्हटल्यावर मी एकट्यानेच सुखी असणं बरं दिसेना.”

काकू जिन्यातच बसल्या आणि डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसल्या. “अहो, माझंही पाचच होतं,” त्या म्हणाल्या. एकतीस वर्षांनी ऐकलेलं ते वाक्य घड्याळजींनी पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मला इतका आनंद झाला, की झिजल्याचं दुःख वाटलं नाही.

दोघं उत्तर दुरुस्त करायला परत वर गेले. ताईंनी हात जोडले. पेटीला कुलूप लागलेलं, त्यातला कागद कुणाचा ते त्यांनाही कळणार नव्हतं. दुरुस्ती कशासाठी, असं ताईंनी विचारलं तर काकू लाजून लाल.

पुढे अहवाल आला. अकरा देशांत आपण नववे. आपल्याकडची जोडपी म्हणे जेमतेम सुखी. विद्वानांनी त्याला हवामानापासून संगोपनापर्यंत कारणं दिली. खोडरबराचं नाव कुणी घेतलं नाही. घड्याळजींनी ती बातमी बायकोला मोठ्याने वाचून दाखवली आणि त्या दिवशी दुकान दुपारीच बंद केलं.

हल्ली मी काकूंच्या शिलाई मशीनच्या खणात असतो, बोटाच्या पेराएवढा उरलोय. जाण्याआधी एक विनंती आहे. घरच्या माणसाला असं काही सांगायचं असेल तर कागदाची वाट बघू नका, तोंडाने सांगा. त्या पायरीवर दोघं जे बोलले, ते खोडायला मला अजून कुणी बोलावलेलं नाही.