हशाची जागा

नेल ब्रॅनिगनने सुपाची पळी हवेत धरली आणि ती थांबली. पळीतून एक थेंब मेजावर पडला. मेजाभोवतीचे नट आपापल्या वाडग्यात बघत राहिले.

"कट!" दिग्दर्शक हॅस्केल ओरडला. "मिस ब्रॅनिगन, ओळ विसरलात का?"

"नाही. हशा ओसरायची वाट बघत होते."

दिवे सांभाळणारी माणसं फिदीफिदी हसली. हवा तेव्हा हशा नाही, नको तेव्हा मात्र भरघोस!

पण तिचं तरी काय चुकलं? ब्रॉडवेच्या रंगभूमीवर दोन वर्षं ती मिसेस डूली झाली होती. खाणावळ चालवणारी ही बाई नवऱ्याला पुरून येते आणि तशीच भाडेकऱ्यांना वाढायला लागते. पाद्रीबुवा म्हणतात, शववाहिनीला उशीर झाला, माफ करा. बाई म्हणते, "असू द्या, फादर. माझ्या लग्नालाही तो उशिराच आला होता." यावर थिएटर असं हसायचं की तेवढ्यात दोन वाडगे भरून व्हायचे. आधी तोंड उघडलं तर पुढचं वाक्य वाहून जाई. याच भूमिकेसाठी तिला टोनी पुरस्कार मिळाला होता. जित्याची खोड, ती त्याच नाटकाच्या सिनेमासाठी कॅलिफोर्नियात येऊन कशी जाणार?

पुढच्या खेपेला तिने ते थांबणं गिळून टाकलं आणि घाईने सूप वाढलं. हॅस्केलने कपाळ चोळलं. "आता वाण्याची यादी वाचल्यासारखं वाटलं. जेवून घ्या सगळे."

कपडेपटातली फ्लो तिच्याशेजारी येऊन बसली. न्यूयॉर्कपासून दोघी बरोबर होत्या. फ्लोच्या हातातलं सँडविच तसंच होतं.

"अगं बोल ना, फ्लो. तुझं तोंड बंद असलं की मला धडकी भरते."

"तुझा काळा झगा आहे ना, त्याची दुसरी जोडी. तिची कंबर आवळायला सांगितलंय मला."

"माझी कंबर तर वाढलीये."

"तुझ्यासाठी नाही गं. लोरेन व्हेल येतेय दुपारी."

सिनेतारका लोरेनच्या नुसत्या नावावर तिकिटं खपत. स्टुडिओला पहिल्यापासून तीच हवी होती. नाटककार अडून बसला म्हणून नेलचा नंबर लागला होता.

"मेली कुठली!" नेल म्हणाली. "तिने जन्मात कधी सूप वाढलंय का?"

"मग दाखव ना वाढून! माझ्यावर कशाला डाफरतेस?"

नेलने मान फिरवली. तिला वाईट वाटलं, त्याहून जास्त राग आला, आणि राग आला की तिचं डोकं चांगलं चालायचं. मी हशासाठी थांबते, ठीक आहे. पण मिसेस डूलीला कुठे ठाऊक आहे की समोर प्रेक्षक बसलेत? मग ती बाई कोणासाठी थांबते? तिच्या असल्या टोमण्यांवर घरात हसणारा एकच माणूस होता, आणि त्यालाच ती आत्ता पुरून आलीये.

ती ताडकन उठली. हॅस्केल कॉफी पीत होता.

"आणखी एकदा शॉट घ्या. मी थांबणार आहे."

"पुन्हा? मी ते कापून टाकीन, मिस ब्रॅनिगन."

"खुशाल कापा. पण आधी घ्या. आणि मेजाच्या टोकाची खुर्ची रिकामी करा."

तिच्या आवाजात काहीतरी होतं. हॅस्केलने कप खाली ठेवला. त्या खुर्चीतला नट उठून बाजूला झाला. दिवे लागले. पाद्रीबुवांनी माफी मागितली.

"असू द्या, फादर. माझ्या लग्नालाही तो उशिराच आला होता."

ती बोलली आणि सवयीने रिकाम्या खुर्चीकडे वळली. ओठांवर हसू फुटू लागलं होतं: आता हा खो खो हसणार, मेज थोपटणार. खुर्ची रिकामीच होती. तिचं हसू तसंच राहिलं, त्याला कुठे जावं ते कळेना. मग हळूच तिने पळी बुडवली आणि पहिला वाडगा भरला. दुसरा भरला. हॅस्केल "कट" म्हणायला विसरला होता, म्हणून ती वाढतच राहिली. भांड्याचा तळ लागला तशी खरवडून वाढू लागली.

बऱ्याच वेळाने हॅस्केल म्हणाला, "कट." मग मान न वळवताच, "फ्लो, तो दुसरा झगा..."

"उसवतेय," कपड्यांच्या रांगेआडून फ्लो म्हणाली. कात्रीचा आवाज आधीच सुरू झाला होता.

नेलने रिकामं भांडं पुढे केलं. "सूप भरा. खुर्चीच्या बाजूनेही कॅमेरा लावून घ्यायला लागेल ना?"