पुढील सूचना मिळेपर्यंत

मी एक जुनी पाटी आहे. मित्रांनो, काळावर हुकूम चालवणारे या जगात थोडेच. त्यांतली मी एक. माझा हुकूम एका केशकर्तनालयाच्या दारावर चालायचा, आणि तोही मालक चहाला गेले की.

तेलाच्या डब्याचा पत्रा सपाट करून एका पेंटरने मला घडवले. माझ्यावर इंग्रजीत ‘बॅक इन टेन मिनिट्स’ लिहिले. मालक तासाने परतत. त्यांची मुलगी शाळेत इंग्रजी शिकवायची. ती चिडायची.

“बाबा, याचा अर्थ दहा मिनिटांत परत येतो!”

“मग? तासात दहा मिनिटं नसतात का?”

गिऱ्हाइके हसत आणि थांबत. माझ्या अक्षरांचे कौतुक होई. ते माझे सुखाचे दिवस.

मग मालकीणबाईंना दवाखान्यात ठेवले. दुकान बंद करावे लागले. मुलीने मला पांढरा रंग फासला आणि ब्रश घेऊन बसली.

“बाबा, ‘फॉर’ लिहिलं तर पुढे किती दिवस ते हवं. ‘अंटिल’ लिहिलं तर कधीपर्यंत ते हवं. डॉक्टर काय म्हणाले?”

“बघू म्हणाले.”

“असं नाही चालत लिहिताना.”

“मग ‘बघू’ला इंग्रजीत काय म्हणतात, ते लिही की. एवढी शिकलीस!”

तिने ‘क्लोज्ड अंटिल फर्दर नोटिस’ लिहिले. पुढील सूचना मिळेपर्यंत बंद.

“सूचना कोण देणार?” मालकांनी विचारले.

ती माझ्या ओल्या रंगावर फुंकर घालत राहिली.

मालकीणबाई परतल्या नाहीत. काही आठवड्यांनी मालकांनी दुकान उघडले, पण मला काही उतरवले नाही. आत कात्री चालू, बाहेर मी ‘बंद’ म्हणतेय. जुनी माणसे मला वाचून हळहळत आणि पुढच्या गल्लीत दाढी करून घेत. खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या. मला कुणी पुसेना. कडांना गंज चढला.

एक दिवस मुलगी माझा रंग पुसायला टर्पेंटाइनची चिंधी घेऊन आली. “बाबा, अशानं दुकान बुडेल. ही पाटी दुकानाबद्दल आहे.”

मालक वस्तऱ्याला धार लावत होते. “दुकानाबद्दल असती तर मीच काढली असती, पोरी.”

तिने चिंधीची घडी केली, खिशात ठेवली आणि रिकाम्या खुर्चीत जाऊन बसली. मालकांनी सवयीने तिच्या गळ्याभोवती कापड बांधले. बराच वेळ दोघे आरशात बघत राहिले. केस कुणीच कापले नाहीत.

मित्रांनो, मुदतीचे शब्द जपून लिहा. लिहिणाऱ्याचा हात धुऊन होतो, आम्ही मात्र तेच म्हणत लटकत राहतो. माझे ऐकू नका. दार नुसते लोटलेले असते. केस वाढले असतील तर ढकलून आत या.

फक्त ओली छत्री माझ्या खिळ्याला अडकवू नका. तो आधीच हलतोय.