आजी नाही म्हणाल्या

"नाही बसायचं मला," आजी म्हणाल्या आणि पिशवी काखोटीला मारून उभ्या राहिल्या.

डीनसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. परीक्षक बाई लांबून आल्या होत्या. विद्यापीठातलं संशोधन माणसांना नीट विचारून चालतं की नाही, हे त्या तपासणार होत्या, आणि त्यासाठी नव्या औषधाच्या अभ्यासातल्या या आजींना समोर बसवून प्रश्न विचारणार होत्या. शेरा वाईट पडला की नव्या औषधांचे सगळे अभ्यास बंद, आणि संमती घेणाऱ्या सिस्टरची कोपऱ्यातली खोलीही बंद. त्या खोलीत सिस्टरची उमेदीची वर्षं गेली होती. येईल त्याला स्टुलावर बसवायचं आणि तीच टकळी लावायची: औषध नवीन आहे, त्रास होऊ शकतो, नको वाटलं तर खुशाल नाही म्हणा, नेहमीचे उपचार थांबणार नाहीत. वॉर्डातल्या मैत्रिणी तिला 'नाही-म्हणा सिस्टर' म्हणून चिडवायच्या.

आणि आज नेमकं आजींनी ते मनावर घेतलं!

डीनसाहेबांनी सिस्टरला बाजूला घेतलं. "अहो, समजवा ना त्यांना! चार प्रश्नांचा तर मामला आहे. तुमचं ऐकतील त्या."

ऐकलं असतंच, तिथंच तर घोडं अडलं होतं. "बसा हो आजी, माझ्यासाठी," एवढं म्हटलं असतं तरी आजी मुकाट बसल्या असत्या. सिस्टरच्या खोली डोळ्यांसमोर आली, ते डुगडुगणारं स्टूलसुद्धा.

"नाही सर. त्या नको म्हणाल्यात."

"अहो, नाक कापलं जाईल आपलं!"

"कापलं तर कापलं, सर."

तेवढ्यात परीक्षक बाईंनीच आजींना विचारलं, "नाही म्हणालात म्हणून औषध बंद करतील, अशी भीती नाही वाटत?"

"भीती कसली?" आजी फणकारल्या. "या पोरीने डोकं खाल्लंय माझं सांगून सांगून! नाही म्हटलं तरी औषध मिळतंच. नात शाळेतून येईल, दाराला कुलूप बघून रडत बसेल. निघते मी."

बाई खळखळून हसल्या. "साहेब, एवढी विद्यापीठं फिरले, सगळीकडे माणसं पढवल्यासारखी हो हो करतात. तोंडावर नाही म्हणणारं माणूस आज भेटलं. तुमच्याकडे विचारतात बरं का, खरंच विचारतात! तसंच लिहिणार मी."

डीनसाहेबांना उमगायला जरा वेळच लागला. मग ते स्वतः पुढे झाले आणि आजींसाठी दार उघडून धरलं.

बाई सिस्टरकडे वळल्या. "आता तुमच्याशी बोलायचंय. नको वाटलं तर नाही म्हणा."

हे वाक्य सिस्टरला आजवर कुणी ऐकवलंच नव्हतं.

"बोलते की!" ती म्हणाली. मग ती बाईंना आपल्या कोपऱ्यातल्या खोलीत घेऊन गेली, हाताने स्टूल पुसलं आणि पहिल्यांदाच त्यावर स्वतः बसली.