कॅनडाच्या गोळ्या

आमच्या गार्गीचं लग्न झालं ते करोना ओसरल्यावरच्या डिसेंबरात. मुहूर्ताला अवकाश होता. हॉलच्या मागच्या खोलीत बायका निऱ्या सारख्या करत होत्या आणि माझी धाकटी जाऊ कुंदा सतरंजीवर बसून एकेक बाटली कानाशी नेऊन हलवत होती. तिचा मुलगा निहार त्याच पहाटे कॅनडाहून उतरला होता आणि बॅग तशीच हॉलवर घेऊन आला होता. बॅगेत गार्गीसाठी एक घड्याळ होतं. बाकी सगळ्या गोळ्यांच्या बाटल्या, आईसाठी.

"वैनी, ही बघा," कुंदा म्हणाली. "अर्धी हवाच भरलीय."

गोळ्यांतलं तिला कळत होतं. मुलुंडला एलबीएस रोडवर औषधांची एक कंपनी होती, तिथे पॅकिंगला ती लग्नाआधीपासून होती. नवरा गेल्यावर त्याच नोकरीवर तिने निहारला इंजिनियर केलं. पुढे कंपनी बंद पडली आणि त्या जागेवर टॉवर आला. ताकदीच्या, रक्ताच्या, हाडांच्या गोळ्या सगळा जन्म तिच्या हाताखालून गेल्या, पण तिने स्वतः एक तोंडात टाकलेली मी पाहिली नव्हती. एवढं खातं तरी कोण, असं ती म्हणायची.

निहारने तिला तिथेच बसून समजावलं. ही हाडांची, ही उन्हातून मिळतं त्या डी जीवनसत्त्वाची, ही केसांची, ही झोपेची, आणि ही माशाच्या तेलाची. त्या शेवटच्या बाटलीवर कुंदा खूप हसली. मालवणात जन्मले, बांगडे खाऊन वाढले, आणि आता मुलगा परदेशातून माशाचं तेल आणतो म्हणाली. निहार हसला नाही. "नेमाने घे, आई. मी विचारणार आहे," म्हणाला.

आणि तो विचारू लागला.

त्याआधी त्याचा फोन म्हणजे काय, तर कशी आहेस, बरी आहे, जेवलास का, जेवलो, ठेवू का, ठेव. मायलेकांचं भांडण नव्हतं, पण बोलायलाही काही नव्हतं. तो तिथे काय काम करतो ते तिला कळत नव्हतं आणि इथे काय चाललंय ते त्याला ओळखीचं राहिलं नव्हतं. लग्नानंतर मात्र दर रविवारी सकाळी त्याचा फोन चांगला लांबू लागला. कुठली गोळी जेवणावर घेतेस, कुठली उपाशीपोटी, जिना चढताना गुडघा दुखतो का, झोप लागते का. त्याच्याकडे तेव्हा शनिवारची रात्र असायची. गाडी चालवता चालवता बोलायचा, म्हणून तोंड दिसायचं नाही. कुंदा आंघोळ करून, केस विंचरून फोनपाशी बसायची. आमचं घर समोरच, दार उघडं असायचं, म्हणून मला सगळं ऐकू यायचं.

पुढच्या दिवाळीत तिचे पाय सुजले. मी तिला डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या झाल्या. इतकी वर्षं अंगावर काढलेल्या ब्लडप्रेशरने किडन्या खाल्ल्या होत्या. डॉक्टरांनी पथ्य लिहून दिलं आणि बाटल्यांची नावं विचारून घेतली. कॅल्शियम, डी, सगळं आजपासून बंद, म्हणाले. तुमच्या किडनीला आता हे झेपणार नाही.

रिक्षात तिने पथ्याचा कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. मग म्हणाली, "वैनी, निहारला यातलं काही बोलू नका."

मी म्हटलं, "अगो, त्याला कळायला नको?"

"कळलं तर गोळ्यांचं विचारायचा बंद होईल. फोन परत आखूड होईल."

मी तिला समजावायला गेले असते, पण मलाही मुलगा आहे, तोही लांब, पुण्याला असतो. मी गप्प बसले.

बाटल्या येतच राहिल्या. नाहूरला निहारच्या मित्राचे आईवडील राहतात. मित्र कॅनडाहून आला की आईबापांच्या सामानाबरोबर कुंदाचीही पिशवी यायची. कपाट भरत चाललं. फेकून देणं तिच्या हातून होणं शक्य नव्हतं.

संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू असतं. कुंदा विधवा, त्यामुळे ती दरवर्षी आत ओट्याशी तिळगुळाच्या ताटल्या भरत उभी राहायची. त्या वर्षी वरच्या मजल्यावरची रेवती, बँकेत जाते ती, आत गेली आणि कुंदाला हाताला धरून बाहेर घेऊन आली. "काकी, आता कोण पाळतं हे, बसा ना यार," म्हणाली. कुंदा बसली. मी प्लास्टिकचे डबे लुटत होते. माझं वाण देऊन झालं, तसं कुंदाने मागून पिशवी पुढे ओढली आणि प्रत्येकीच्या डब्यात एकेक पुडी टाकली. पुड्या झकास बांधल्या होत्या, प्लास्टिकची तोंडं मेणबत्तीवर चिकटवून. आत गोळ्या.

"हे वाण नव्हे," ती म्हणाली. "निहारने पाठवलंय."

बायकांना हसू आलं, पण कोणी परत केलं नाही. प्रत्येकीला काही ना काही हवंच होतं. खालच्या रतनबेनना गुडघ्यासाठी हाडांची गोळी. त्या मासे-अंडी खात नाहीत, तर कुंदाने त्यांची पुडी वेगळ्या ताटात बांधली होती, माशाच्या तेलाचा हात लागलेल्या ताटात नाही. रेवतीला केसांची, कारण तिच्या ऑफिसात सगळ्याच घेतात. शर्मिष्ठाबाई शाळेतून रिटायर झाल्यापासून झोपत नव्हत्या, त्यांना झोपेची. माशाचं तेल आमच्या ह्यांनी घेतलं, फुकट मिळतं म्हणून. गार्गी माहेरी आली होती, ती माझ्यावर चिडली. डॉक्टरला न विचारता अशा गोळ्या वाटतात का, म्हणाली. तिचं बरोबर होतं. पण तोवर बिल्डिंगभर गोळ्या सुरू झाल्या होत्या.

मग कुंदाने एक नवीनच काम लावून घेतलं. शनिवारी संध्याकाळी ती जिन्याने खालीवर फिरायची, अंगात ताकद नसताना. रतनबेनकडे बसून गुडघा कसा आहे विचारायची, रेवतीच्या केसांचा गुंता बघायची, शर्मिष्ठाबाईंना झोप लागली का विचारायची. आणि रविवारी सकाळी मला समोरून ऐकू यायचं, की आता माझा गुडघा जिन्यावर करकरत नाही, झोप पण लागते, मधे एकदा फक्त उठते. रतनबेनचा गुडघा, शर्मिष्ठाबाईंची झोप.

एकदा रेवतीच्या तोंडावर पुळ्या आल्या. कुंदाने तेही सांगून टाकलं. सत्तरीला आलेल्या आईच्या तोंडावर मुरुमं आली म्हणून निहार फोनवर इतका हसला, की मला दारापर्यंत ऐकू आलं. पुढच्या खेपेला त्याने केसांच्या गोळीची कंपनी बदलली.

मेमध्ये तो यायचा होता. कुंदाने अनंतभावजींच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, फोटोखालची भिंत रंगवून घेतली, गादी पिंजून आणली. एप्रिलमधल्या एका रविवारी निहार म्हणाला की नवीन घर घेतोय, सुट्टी पुरणार नाही. तुझं तर सगळं मस्त चाललंय, गुडघे चांगले, झोप चांगली, मग पुढच्या वर्षी निवांत येतो.

"हो रे," कुंदा म्हणाली. "निवांतच ये."

फोन ठेवून ती तांदूळ निवडायला बसली. मी तिच्यासमोर जाऊन बसले. आता तरी सांग, म्हटलं.

"काय सांगू, वैनी? गुडघे माझे नव्हते म्हणून सांगू?"

पावसाळ्यात डायलिसिस सुरू झालं. एका ट्रस्टच्या सेंटरवर आम्ही दोघी जायचो. तिथून आल्यावर ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायची. रविवारी मात्र उठून केस विंचरायची. आवाज बसला होता. त्याला सर्दी झालीय म्हणून सांगायची. नवरात्रात ती मोरीत पडली. हाड मोडलं नाही, पण उठवायला चार बायका लागल्या. त्या दुपारी मी गार्गीला फोन लावायला सांगितला आणि निहारला सगळं सांगितलं. कुंदा माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

तो त्याच आठवड्यात आला. दारात बूट न काढता उभा राहिला. आईचं तोंड सुजलेलं, हात काडीसारखा, त्या हातावर सुयांची काळी वळं. तो आला कळल्यावर बिल्डिंगमधल्या बायका भेटायला आल्या. रतनबेन खिचडी घेऊन आल्या आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "बेटा, तुझ्या गोळ्यांनी माझे घुटणे एकदम सारे, चांगले झाले. हे बघ." त्या जमिनीवर बसल्या आणि कशाला हात न लावता उठल्या. रेवतीने वेणी पुढे घेऊन दाखवली. शर्मिष्ठाबाई म्हणाल्या, मी आता पहाटेपर्यंत झोपते, तुझे उपकार. निहार एकीकडून दुसरीकडे बघत होता. रेवती म्हणाली की मधे पुळ्या आलेल्या, पण कंपनी बदलल्यावर गेल्या. तेव्हा तो खाली बसला.

बायका गेल्या. मी चहा ठेवला.

"तू कधी बंद केल्यास?" त्याने विचारलं.

"मागच्या दिवाळीत. डॉक्टरांनी केल्या."

"मला सांगायचं ना, आई."

कुंदाने पांघरूण गळ्याशी ओढलं. "तू गोळ्यांचं विचारायचास, मी गोळ्यांचं सांगायचे. मला दुसरं काय येत होतं रे तुझ्याशी बोलायला?"

तो तिच्या पायाशी बसला आणि पाय दाबू लागला. सुजलेल्या पायावर त्याच्या अंगठ्याचा खड्डा पडला, तो भरून यायला वेळ लागत होता. खड्डा भरेपर्यंत तो बघत राहायचा, मग दुसरीकडे दाबायचा. मी चहा गाळून त्याच्याजवळ ठेवला. निवला तरी त्याने उचलला नाही.

सुट्टी होती तोवर तो राहिला. तिला सेंटरवर नेलं, आणलं. तिथल्या नर्सशी इंग्रजीत बोलला, आणि जे मला डॉक्टरांनी मराठीत सांगितलं होतं तेच त्यालाही कळलं. तिला बरोबर न्यायचं म्हणत होता, पण या तब्येतीवर विमानात कोण बसवणार. डिसेंबरअखेर परत येतो म्हणून गेला.

पुढच्या रविवारी फोन आला तो तोंड दिसणारा. गाडीतून नव्हता, त्याच्या स्वयंपाकघरातून होता.  मग तो म्हणाला, "आई, पेज कशी करतात? पाणी किती घालायचं?"

तिने सांगितलं. त्याने फोन शेगडीजवळ भिंतीला टेकवून ठेवला आणि टोप चढवला. ती इथून पलंगावर पडल्या पडल्या बघत होती. "ढवळू नको सारखं," म्हणाली. "गॅस बारीक कर." पेज व्हायला वेळ लागतो. मधे ती डोळे मिटायची, तो थांबायचा, मग ती उघडून विचारायची की शीत फुटलं का. नंतरच्या रविवारी त्याने कुळथाची पिठी विचारली. कुळीथ तिथे मिळाले नाहीत, तरी तिने सगळी कृती सांगितली.

कुंदा त्याच वर्षी, २०२४ च्या मार्गशीर्षात, दुसऱ्या गुरुवारी सकाळी वारली. मी तिच्याजवळ होते. निहार शनिवारी पोचला.