दोन रेघांचा मुंजा

गेल्या गुरुवारी कोपरगावजवळच्या ऊसतोडीच्या तळावर एक मुंजा पकडला गेला. वय बत्तीस, तंबाखू खातो. पण असं काही घडलंच नाही, असं टोळीनं ठरवलंय. मी तोडकऱ्यांच्या पोरांच्या साखरशाळेचा कंत्राटी मास्तर. ठरलंय ते पाळतो. तेव्हा काही घडलं नाही असं धरूनच सांगतो.

सकाळी कोयते टाकून सत्तर माणसं रेश्माच्या कोपीपुढे, पाचटाच्या झोपडीपुढे, जमली होती. रेश्मा पाथर्डीकडची, तेवीस वर्षांची. तिच्या पाठीवर आपोआप वळ उठत होते. मुंजा मोठा सभ्य. पदर-पोलक्याबाहेर एक वळ उठू देत नव्हता.

घोडेगावच्या बाजारात बैलांची दृष्ट काढणारा कारभारीबुवा चिमटा तापवत बसला होता.

"बगा, दोन-दोन रेघा!" बुवा गरजला. "मानसानं मारलं तर एक रेघ उठंल. ह्यो मुंजा दोन बोटांनी हानतो! चिमट्याचे सात डाग दिले की पळंल."

"सातानं भागंल ना?" शेजारच्या कोपीतल्या लंकाबाईनं काळजीनं विचारलं.

तेवढ्यात लिडिया सिस्टर आल्या. आरोग्य उपकेंद्रातून दर गुरुवारी पोरांची वजनं करायला येतात. चिमटा बघून त्यांनी काटा खाली ठेवला, रेश्माला कोपीत नेलं आणि मला दाराशी उभं केलं.

"कोण मारतं तुला?" आतून हळू आवाज आला.

"इचारू नका, सिस्टर. गाव लांब हाय. हितं माझं कोन हाय? बुवाचे डाग सोशीन. डाग एकदाच देतील. ह्यो रोज मारतो."

सिस्टर बाहेर आल्या. रेश्माच्या नवऱ्याची, सूर्यभानची, बैल हाकायची काठी उचलली.

"मास्तर, हात पुढं करा."

केला. त्यांनी सणसणीत ओढली. सगळ्यांसमोर माझ्या हातावर दोन लाल रेघा उमटल्या, मधे पांढरा पट्टा.

"मास्तरात शिरला!" बुवा ओरडला.

"मंग मुंजा सिस्टरच्या हातात हुता व्हय?" लंकाबाई म्हणाली.

"कसला मुंजा! गोल काठी बसली की तिच्याखालचं रक्त दोन्ही कडांना ढकललं जातं," सिस्टर म्हणाल्या. "तिथल्या बारीक शिरा फुटतात. म्हणून रेघा दोन. आता सांगा, सूर्यभान गाडी घेऊन कारखान्यावर नंबर लावून बसतो, त्या दिवशी मुंजा सुट्टीवर का असतो?"

सूर्यभान तंबाखू थुंकला.

"माझ्या बायकूला मीच मारतो. त्यात काय?"

आणि सत्तर माणसांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

"आत्ता गं बया! आमाला वाटलं भूतच हाय," लंकाबाई म्हणाली, आणि कोयता उचलून फडाकडे चालू लागली. मागोमाग सगळे. बुवासुद्धा.

मुकादम काकासाहेब तेवढे थांबले. "सिस्टर, जोडी मोडू नका. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतो आमी. अर्धा कोयता मी कुटं लावू?"

सिस्टरनी रेश्माला स्कुटीवर मागं बसवून उपकेंद्रात नेलं, वळांची नोंद केली, १८१ या महिला हेल्पलाइनला फोन लावला. पोलीस तळावर येऊन गेले. कोपीची भिंत पाचटाची, तिच्यातून पलीकडचा खोकलाही ऐकू येतो. तरी मुंजा पाहिलेले सत्तर निघाले, सूर्यभानला ऐकलेला एकही नाही. जबाबाखाली सही माझ्या एकट्याची, आणि मी तर रात्री मुक्कामाला गावात असतो; माझी साक्ष कोण धरणार? उद्या सूर्यभान तिला न्यायला येणार आहे. रेश्मा दोन दिवस जेवलेली नाही.

बाईच्या अंगावर वळ दिसले तर लिंबू कापू नका. तिला बाजूला घ्या, एकटीला विचारा, आणि ती सांगेल ते खरं माना. अक्कल वापरायची ती एवढीच.

तोवर माझा हा अर्ज:

मा. तहसीलदार साहेब यांस, सविनय विनंती की, सौ. रेश्मा हिच्या अंगात मुंजा असल्याचा शिक्क्यानिशी दाखला उद्या सकाळच्या आत मिळावा. मुंजा होता तोवर तिला सोडवायला सत्तर माणसं धावली होती. मारणारा नवरा निघाल्यापासून कोणी येत नाही.