हाताने मारलेला ठसा

पल्लवीनं भिंग पाकिटावर धरलं, अल्बमचं पान उजेडाकडे तिरकं केलं आणि बराच वेळ मान वर केली नाही.

"काका, एक भी ठसा पुसट नाही. फील्ड पोस्टचे असे मिळतच नाहीत. आघाडीवर कुणाला फुरसत असते?"

गजाननराव मोहरीर समोरच्या खुर्चीत ताठ बसले होते. भेलच्या कारखान्यात नोकरीला असल्यापासून ते लढायांच्या काळातलं टपाल जमवत आले होते. दुसऱ्या महायुद्धात बैरागढच्या छावणीत ठेवलेल्या इटालियन कैद्यांची सेन्सॉर झालेली पत्रं त्यांच्याकडे होती, बासष्टची होती, एकाहत्तरची होती. पण शहरातल्या संग्राहक मंडळानं पल्लवीला कोलार रोडच्या या फ्लॅटवर पाठवलं होतं ते कारगिलच्या पाकिटांसाठी. पुढच्या महिन्यात प्रदर्शन होतं.

"पराग तिकडे होता," ते म्हणाले. "आमचा मुलगा."

तो तिथेच कामी आला, हे पल्लवीला मंडळात कुणीतरी सांगितलं होतं. तिनं नुसती मान हलवली.

ती पाकिटं गजाननरावांनीच तयार केली होती. प्रत्येकावर स्वतःच्या अक्षरात स्वतःचा पत्ता. आत, ठसा सपाट उमटावा म्हणून, एक जाड कोरं कार्ड. सुट्टी संपवून निघालेल्या परागच्या ट्रंकेत त्यांनी तो गठ्ठा ठेवला आणि बजावलं, "टपालाच्या थैलीत टाकू नकोस. टपालवाल्यासमोर उभा राहून हाताने ठसा मारून घे." पराग हसला होता. "कर्नल साहेबांना सांगतो, आधी बाबांचं ऑपरेशन, मग तुमचं." परागची आई, सुमनताई, मात्र चिडल्या होत्या. पोराकडून चार ओळी मागायच्या सोडून कोरी पाकिटं कसली मागता? त्यावर, फोनवर बोलतोच की तो, असं गजाननराव म्हणाले होते.

पल्लवी शेवटच्या पानाशी आली.

"हे रिकामं का, काका?"

"तिथे काही नाही."

"पेन्सिलनं चौकट आखली आहे. पाकिटाच्याच मापाची."

गजाननरावांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत सुमनताई भांडी लावत होत्या.

त्या चौकटीतलं पाकीट परागच्या तेराव्यानंतर आलं होतं. ठशावर तो गेला त्याच दिवसाची तारीख होती. सैन्याच्या निरोपात एवढंच होतं, की वरच्या चौकीकडे परतताना रस्त्यावर तोफगोळा पडला. तो खाली कशाला उतरला होता, ते निरोपात नव्हतं. टपालाचा तंबू खालच्या तळावर होता. गजाननरावांनी ठसा वाचला आणि पाकीट कपाटात अंथरलेल्या कागदाखाली सरकवलं. सुमनला हे कळू नये, या एका धास्तीवर त्यांनी पंचवीस वर्षं काढली. चौकट मात्र आखल्यावाचून त्यांना राहवलं नव्हतं.

"असंच आखलं होतं," ते म्हणाले. "खोडून टाकतो."

आतला आवाज थांबला. सुमनताई पदराला हात पुसत बाहेर आल्या, दोघांकडे न बघता बेडरूममध्ये गेल्या. कपाटाचं दार करकरलं. परत येऊन त्यांनी पाकीट टेबलावर, पल्लवीच्या पुढ्यात ठेवलं.

"हे त्या चौकटीतलं."

पल्लवीनं भिंग उचललं. "क्या बात है. सहा जुलै. सगळ्यांत सुंदर हाच आहे, काका. हा कुणीतरी समोर उभं राहून..."

तिनं गजाननरावांचा चेहरा पाहिला आणि भिंग खाली ठेवलं.

"तुला हे कधी सापडलं?" त्यांनी सुमनताईंना विचारलं.

"दर दिवाळीला कपाटातले कागद कोण बदलतं?"

"तारीख बघितलीस?"

"तारीख काय बघायची? दहाव्याला तुम्ही घाटावर गेलात, तेव्हा त्याच्या तुकडीतला सुभेदार त्याची ट्रंक घेऊन आला होता. साहब डाक पर ठप्पा लगवाने नीचे आए थे, म्हणाला. वडिलांची पाकिटं होती, म्हणाला. मी चहा दिला त्याला."

"आणि मला एका शब्दानं बोलली नाहीस."

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले." सुमनताई खुर्चीच्या कडेवर टेकल्या. "आधी रोज वाटायचं, आज सांगतील. मग सणासुदीला वाटायचं. अलीकडे तेही वाटेनासं झालं."

पल्लवी हलकेच म्हणाली, "काका, हे राहू दे ना. बाकीची पुष्कळ आहेत."

"लागू दे प्रदर्शनात," सुमनताई म्हणाल्या. "माझी काही हरकत नाही. त्यांना विचार."

गजाननरावांनी मान हलवली. पाकीट स्वतःच पानावर ठेवलं; कोपरा चौकटीत बसवायला त्यांना दोनदा हात लावावा लागला.

पल्लवीनं लॅपटॉप पुढे ओढला. प्रदर्शनात प्रत्येक पाकिटाखाली ओळ द्यावी लागते: कुठून, कुठे, कुणी पाठवलं, कशासाठी. आधीच्या सगळ्या पाकिटांना तिनं 'संग्राहकाच्या विनंतीवरून' असं लिहिलं होतं.

"यालाही तेच ना?" तिनं विचारलं.

बाहेर रस्त्यावर भाजीवाल्याचा लाउडस्पीकर गेला. गजाननरावांनी पुढे वाकून पडद्यावरची ओळ वाचली.

"नाही," ते म्हणाले. "वडिलांच्या हट्टापायी, असं लिही."

पल्लवीची बोटं कळांवर तशीच राहिली. तिनं सुमनताईंकडे पाहिलं. सुमनताईंनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला, उठून तिच्या खांद्यामागे उभ्या राहिल्या आणि शेवटचं अक्षर पडद्यावर येईपर्यंत तिथून हलल्या नाहीत.